विरोधातला एक हात

प्रिय मोठ्या बाई,

हा कागद तुमच्यासाठी घेतलेला नव्हता. रमकीसाठी घेतला होता. उद्या रविवार. उपासना झाली की मंडळीची सभा आहे, आणि त्या सभेत रमकीला उभं राहून साक्ष द्यायची आहे. आपल्याला बाप्तिस्मा का हवा ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं आहे. ‘चार ओळी लिवून द्या ना बाई, मी पाठ करते,’ असा तिनं कालपासून लकडा लावलाय. म्हणून दुपारची जेवणं उरकल्यावर दौत-टाक घेऊन बसले, आणि कागदाच्या माथ्यावर तिच्या साक्षीऐवजी तुमचं नाव लिहिलं गेलं.

तुम्हाला जाऊन चार महिने होतील. एवढ्या दिवसांत दोन शब्द लिहावेत असं मनात आलं नाही असं नाही. पण गेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसलेली मी तुम्हाला दिसले असते, तर तुम्ही आधी विचारलं असतंत, “यमुना, वह्या तपासून झाल्या का?” नाही झाल्या. चौथीच्या वह्या तशाच पडल्यात. रागवायचं तर रागवा.

रमकी तुमच्या लक्षात असेलच. साखरा गावाअलीकडच्या लमाणांच्या तांड्यावरून दोन वर्षांपूर्वी बापाच्या गाडीत बसून आली होती. तुम्ही तिचं नाव विचारलंत, तर तिनं आधी तुमचं विचारलं. आता सोळाची झाली. परवा मी तिला म्हटलं, “मी काय लिहून देऊ? तुला काहून पाह्यजे बाप्तिस्मा, ते तू सांग.”

ती म्हणाली, “मलाबी सभेत हात वर करायचाय.”

पुढं काही येईल म्हणून मी थांबले.

“म्हंजे?”

“बाप्तिस्मा झालेल्यालाच हात वर करता येते ना? पाळकसाहेबाचा एक हात, अन् दळन दळनाऱ्या सखूबाईचाबी एकच. तुमी दोन्ही बराबर मोजता. मी खिडकीतून पाह्यलंय. आमच्या तांड्यात नायक बोलतो अन् बाकीचे ऐकतेत. माझ्या बापाचंच कोनी विचारत न्हाई, तं माझं कोन विचारीन? इथं विचारतेत.”

झालं. पापाचं नाव नाही, तारणाचं नाही, प्रभूचं तर नाहीच. हात! बाई, तुम्ही हसला असतात, की गप्प झाला असतात?

आपली रीत तुम्हीच इतकी वर्षं सांभाळलीत. तान्ह्या लेकरावर पाणी शिंपडून त्याला मंडळीत घ्यायचं नाही. ज्याचं त्यानं कळत्या वयात मागायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, मग सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं. विरोधात एक जरी हात आला तरी मागणाऱ्यानं वर्षभर थांबायचं. उद्या रमकी जर हे असंच बोलली, तर पाळकसाहेबांचा हात कुठं जाणार ते मला आताच दिसतंय. आणि तिच्याजवळ वर्ष आहे कुठं? बापानं तिला मोकळीक दिली ती एवढीच की उद्या झालं तर इथं शिकत राहा, नाही तर घरी चल. जवळा बाजारकडच्या तांड्यातली सोयरीक बोलण्यात आहे.

तिला वाचवणं माझ्या हातात आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी साक्ष मी अर्ध्या तासात लिहू शकते. ती कशी रचतात ते माझ्याइतकं या शाळेत कुणाला माहीत नाही, आणि मला ते माहीत आहे हे आई गेल्यावर फक्त तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर टाक अडला.

मी सात वर्षांची होते. वडील आखाडा बाळापूरला तापानं गेले आणि आई तुमच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला आली. जुन्या छावणीच्या माळाला लागून तीन खोल्या, वर पत्रा, बाजूला प्रार्थनेचं देऊळ, एक आड आणि एक कडुलिंब, एवढीच शाळा. मला ती राजवाड्याएवढी वाटली होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला लिंबाखाली नेलंत आणि विचारलंत, हे झाड किती उंच? कुणी म्हणालं दहा हात, कुणी म्हणालं आभाळाएवढं. तुम्ही एक काठी जमिनीत उभी रोवलीत. काठीची सावली काठीएवढी होईपर्यंत आम्ही तिच्याभोवती गुडघे पोटाशी घेऊन बसलो. ती तेवढी झाली तशा तुम्ही म्हणालात, “आता पळा, झाडाची सावली मोजा.” एकवीस हात भरली. झाडावर कुणी चढलं नव्हतं, आणि झाडाची उंची आमच्या पाटीवर होती! मी पळत चुलीपाशी जाऊन आईला सांगितलं. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, “अन् ते खरं असते?” मला त्या दिवसापासून तुमचा धाक नाही, नवल वाटत आलंय.

गणिताच्या वहीत नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही त्याच्याखाली लाल शाईत विचारायचात, ‘हे कुणाचं?’ रीत चुकलेली पण स्वतःची असली तर निम्मे गुण. शेजारणीचं बरोबर उत्तर उतरवलं तर भोपळा. आम्हाला हा शुद्ध अन्याय वाटायचा. बरोबर ते बरोबर, मग कुणाचं का असेना?

तपासणीला आलेल्या साहेबांनाही तुम्ही सोडलं नाहीत. त्यांनी फळ्यावर हौद भरण्याचं गणित घातलं, उत्तर सांगितलं, आणि ते चुकलेलं होतं. आम्हा पोरींना कळलं, पण बोलणार कोण? तुम्ही उर्दूत, केवढ्या अदबीनं म्हणालात की मुलींना रीत पाहायची आहे, साहेबांनी मेहेरबानी करून सोडवून दाखवावं. साहेब सोडवायला लागले, मध्येच थांबले, सगळं पुसलं आणि स्वतःशीच हसले. जाताना शेरा चांगला लिहून गेले. आम्ही तुमच्याकडं बघतच राहिलो. या बाईला भीती म्हणून वाटतच नाही का, असं आम्ही रात्री अंथरुणात एकमेकींना विचारलं होतं.

आणि सकाळची ती प्रार्थना. बाहेरचे पाहुणे आले की लांबलचक करायचे, आमचे पाय मुंग्यांनी भरायचे. तुमची एका वाक्याची असायची: “प्रभू, आज जे कळणार नाही ते कळलं असं म्हणायची बुद्धी आम्हाला देऊ नकोस.” आमेन, आणि घंटा. मी वर्षानुवर्षं ती ऐकली. आता मीच ती म्हणते, तर रोज त्या वाक्यापाशी आवाज जरा खाली जातो.

आपल्या हौदाची गोष्ट तर मी नव्या मुलींना किती वेळा सांगते. मंडळीची सभा चालवणाऱ्या योहानबाबांनी देवळाच्या बाजूला दगडी हौद बांधला तो बाप्तिस्म्यासाठी. पण आडाला एवढं पाणी कुठलं की तो बारा महिने भरलेला ठेवावा? मग तुम्ही त्यात नदीची वाळू भरून घेतलीत आणि अकरा महिने मुलींना लांब उडी मारायला दिलात. मिशनच्या मडमेनं नाक मुरडलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “रिकामा ठेवला तर कुत्री झोपतात.” बाप्तिस्म्याच्या आधी आम्ही घमेल्यांनी वाळू उपसायचो, दगड घासून धुवायचो, आडापासून हौदापर्यंत रांग लावून घागरी पुढं द्यायचो. आदल्या दिवशी जिथं आमच्या टाचा रुतलेल्या असायच्या, तिथंच दुसऱ्या सकाळी पांढऱ्या लुगड्यातली बाई छातीएवढ्या पाण्यात उभी असायची. मी काठावर उभी राहून बघत राहायची.

बारा वर्षांची झाले आणि मीही मागितलं.

तुमची साक्ष मी ऐकली होती, बाई. एका वर्षी उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, तुम्ही शाळा संपवून निघालेल्या मोठ्या मुलींना सांगत होतात आणि मी दाराआड होते. गोदेकाठचं तुमचं गाव, पुरात गेलेले वडील, त्यानंतर वर्षभर बसलेली तुमची वाचा, आणि रोज येऊन काही न बोलता शेजारी बसून राहणारी ती म्हातारी बायबलबाई, घरोघर वचन वाचून दाखवणारी. तिच्या गप्प बसण्यात तुम्हाला पहिल्यांदा देव ऐकू आला. पाठांतरात माझं बक्षीस ठरलेलं. एकदा ऐकलं की मला पुरे.

मी लबाडी करत होते असं तुम्हाला कधी वाटलं का? देवाशपथ, नव्हते. शपथ घ्यायची नाही हे मला माहीत आहे, पण हे एकदा लिहू द्या. मला वाटलं, साक्ष म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर. सगळ्यांत चांगलं उत्तर तुमचं. मग तेच द्यायचं, दुसरं कशाला शोधायचं?

मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “माझ्या बापाला नदीनं नेलं.” तिसऱ्या रांगेत माझी आई बसलेली होती! जिनं त्या बापाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या, ती. मी थांबले नाही. पूर, बसलेली वाचा, म्हातारी, सगळं एका दमात म्हटलं, तुम्ही जिथं थांबला होतात तिथं थांबून. कुणी हसलं नाही. योहानबाबांनी विचारलं, “बाजूनं कोन कोन?” आणि देऊळभर हात वर झाले. आईचासुद्धा.

“विरोधात कोनी?” हे ते नुसतं रीत म्हणून विचारायचे. विचारता विचारताच खाली बसायला लागले होते. तेवढ्यात तुमचा हात वर झाला. कोपरात न वाकवता, सरळ, वर्गात आम्हाला शिकवलात तसा.

योहानबाबा गांगरले. “बाई, काहून?”

तुम्ही म्हणालात, “तिची साक्ष अजून ऐकायची राहिली आहे.”

बस. ही माझी गोष्ट आहे असं म्हणाला नाहीत. पोरगी खोटं बोलली असं म्हणाला नाहीत. तुमच्या मेलेल्या बापाला मी सगळ्यांसमोर उचलून माझा केला, आणि तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. तो हात तेवढा वर ठेवलात, योहानबाबांनी ‘एक’ म्हणेपर्यंत. मी खाली बसले आणि बसल्यावर मला कळलं. मग कान असे तापले की मान वर करवेना.

पण बाई, आज एक बोलूनच टाकते. आदल्या दिवशी मला बोलावून ऐकून घेतलं असतंत तर? चार भिंतींत सांगितलं असतंत, ‘यमुना, हे तुझं नाही,’ तर मी काय समजले नसते? त्या वर्षी दोघींचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्यासाठी हौद भरायच्या रांगेत तुम्ही मला उभं केलंत. घागर माझ्या हातात देताना तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाहीत. की पाहिलंत, आणि मीच खाली बघत होते? हे मला विचारायचं होतं. विचारायला पुष्कळ वर्षं होती आणि मी ती घालवली.

त्या संध्याकाळी मी आईवर चिडले. “तुला ठाव व्हतं ना, मी खोटं बोलून राहिले ते? मंग हात कसा काय वर केलास?”

आई भांडी घासत होती. म्हणाली, “माय हाय मी. माझा हात दुसरीकडं कुठं जाईन? बाईनं विरोधात केला म्हनून तुला कोनीतरी ऐकलं असं झालं. आमी समद्यांनी नुसता हात केला.” मग राखेचा हात कपाळाला लावून म्हणाली, “बाईला सोपं नसंन गेलं ते. तिला तू माझ्यापरीस जास्त गोड हायेस.”

मी तुमच्याशी पावसाळाभर बोलले नाही. तुम्ही तेही चालवून घेतलंत.

त्या वर्षीचे खेळ आठवतात? गावातली माणसं माळाच्या कडेला उभी राहून आमच्या काष्ट्यांवर खिदळत होती. लांब उडीला पंच ठेवायचा नाही, ज्या पोरीनं उडी मारली तिनंच सांगायचं, ही तुमची तऱ्हा. मी सगळ्यांत लांब गेले. टाळ्या पडल्या. माझा अंगठा रेघेच्या पुढं पडला होता आणि ते एकटं मला ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं, “बाद.” तुम्ही वहीत लिहिलंत, बाद. वर पाहून मान हलवलीत, एवढीशी. तिथं माझा अबोला सुटला.

आणि मग तुम्ही पदर खोचून शर्यतीला उभ्या राहिलात, माझ्या आईच्या शेजारी! पंचेचाळिशीच्या बाई आणि स्वयंपाकीणबाई. खिदळणारी माणसं तोंड उघडं टाकून गप्प झाली. आई पहिली आली. आठ दिवस ती भाकऱ्या थापताना मधूनच हसायची, आणि तुम्ही जेवायला आलात की तिला म्हणायचात, “पुढच्या साली बघते तुला.”

पाच वर्षं मी पुन्हा मागितलं नाही. पाच वर्षांत तुम्हीही एकदासुद्धा विचारलं नाहीत. मडम येऊन म्हणायची, या वर्षी किती जणी? तुम्ही सांगायचात, कुणी नाही. तिच्या कपाळावरची आठी आम्ही दाराआडून पाहायचो. मला वाटायचं, तुम्ही नुसतं ‘कधी?’ म्हणा, मी उद्या उभी राहते. तुम्ही म्हणाला नाहीत. तुमच्यासाठी कुणी पाण्यात उतरावं हे तुम्हाला चालणारच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. पण बाई, विचारायचं होतंत एकदा.

सतराव्या वर्षी मी उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ दोनच वाक्यं होती. “मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पण इथं आल्यापासून खोटं बोलले की मला जेवण जात नाही, आणि ते कोण करतं ते मला शोधायचं आहे.” एवढं बोलून मी खाली बसले. तुमचा हात वर झाला की नाही ते मी पाहिलंही नाही. योहानबाबांनी ‘समदे’ म्हटलं तेव्हा समजलं. आता वाटतं, तेवढं तरी पाहून ठेवायला हवं होतं.

शेवटचं वर्ष तुम्ही काढलंत ते कसं? रझाकारांच्या धामधुमीत लोक बिऱ्हाडं गाडीत घालून वऱ्हाडात पळत होते. मिशनचा निरोप आला, शाळा बंद करा. तुम्ही रोज सकाळी हजेरी घेत राहिलात. वर्गात चार मुली उरल्या होत्या, तरी गेलेल्यांची नावंही पुकारायचात आणि जरा थांबून पुढं जायचात. श्रावणात तापानं धरलं. पडल्या पडल्या तुम्ही रमकीकडून दशांश अपूर्णांक करून घेत होतात. ती चुकली की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचात, “टिंब कुठं गेलं?” तिसऱ्या दिवशी तिनं बरोबर केलं आणि तुम्ही काही बोलला नाहीत.

तुमच्या मातीच्या वेळी पाळकसाहेब बोलले. चांगलंच बोलले, पण ते कुणाहीबद्दल बोलता आलं असतं. मला बोलायचं होतं. मी उभी राहिले आणि बोलताच आलं नाही, बाई. पाठांतरात पहिली येणारी मी! लोकांना वाटलं, दुःखानं. खरं सांगू? तुमच्याबद्दल माझं काय ते मलाच सापडेना. सगळी वाक्यं तुमचीच येत होती.

तुम्ही गेलात आणि भाद्रपदात राज्य पालटलं. बाजारात माणसं म्हणतात, आता सगळ्यांना मत मिळणार, गरिबाला, बायांनाही. रमकीनं ते ऐकलं आणि मला विचारलं, “म्हंजे आपल्या सभेवानी?” योहानबाबांना आता दिसत नाही, म्हणून हातांची मोजणी माझ्याकडं आली आहे. मोजताना ती खिडकीत उभी असते हे मला माहीत होतं. ती काय पाहते ते परवा कळलं.

इथवर लिहिलं आणि ती दारात येऊन उभी राहिली. उन्हं अजून पत्र्यावर होती.

“लिवलं?” टेबलावरचे कागद बघून तिचे डोळे मोठे झाले. “एवढं समदं पाठ करू?”

“हे तुझं न्हाई. तुझं मी लिहिणार न्हाई.”

तिचं तोंड उतरलं. “मंग उद्या मी अडले तं?”

“अडशील.”

“घरी जा लागंन मला.”

“ठाव हाय.”

ती जायला वळली. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. नदी, बाप, तिसऱ्या रांगेतली आई, तुमचा हात. आई गेल्यापासून आजवर हे कुणापाशी काढलं नव्हतं. ती हनुवटी गुडघ्यावर टेकून ऐकत होती.

“समदे एकीकडं, अन् मोठ्या बाईचा एकलीचा हात दुसरीकडं?”

“व्हय.”

“अन् त्या एका हाताचं चाललं?”

“चाललं.”

तिनं हनुवटी उचलली. मग म्हणाली, “उद्या तुमी कुठं हात करचाल?”

“तुझं ऐकल्यावर ठरवीन.”

“विरोधातबी करचाल?”

“करीनबी.”

मला वाटलं, आता रडेल. ती उठून उभी राहिली. “मंग मी उद्या तेच सांगते, हाताचं. अडले तं अडले. तांड्यावरून चालत येईन, पुढच्या साली पुन्हा मागीन. तुमच्या बाजूनं हात करायला मला बाप्तिस्मा नव्हता पाह्यजे, बाई. एखांद्या दिवशी तुमच्या विरोधात करता आला पाह्यजे. अन् तुमी तो मोजला पाह्यजे.”

एवढं बोलून ती हौदातली वाळू उपसायला गेली. तिथं दोन घमेली मोकळी पडली होती, त्यांतलं मोठं तिनं उचललं.

मी टाक हातात घेऊन बसून आहे. हे प्रभूपाशी पोचतं का? मला माहीत नाही. पाळकसाहेबांना पटेल असं वाटत नाही. पण हे उत्तर कुणाचं, असं लाल शाईत विचारायची वेळ आली, तर ते तिचंच आहे. सोळाव्या वर्षी माझ्याजवळ असं काहीही नव्हतं. तुमच्याजवळ होतं का?

माझा हात उद्या कुठं जाईल ते मी अजून ठरवलेलं नाही. तुम्हाला वचन देते ते एवढंच. आजच्या संध्याकाळी आणि उद्याच्या सकाळी मी तिच्या कानात एकही चांगलं वाक्य घालणार नाही. ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐकेन. अडली, तर तांड्याच्या वाटेवर तिच्यासोबत मी चालत जाईन. तेवढं तुम्ही माझ्याबाबतीत केलं नव्हतंत, ते मी करीन. आणि ज्या दिवशी सबंध देवळातून तिचा एकटीचा हात माझ्या विरोधात वर होईल, त्या दिवशी आवाज खाली न जाऊ देता मी ‘एक’ म्हणेन.

तुमची,
यमुना